जिल्हा-तालुक्यानुसार नोंदी मोजताना

एखाद्या संस्थेच्या सभासदांची, शिबिरार्थींची किंवा लाभार्थींची काही हजार ओळींची यादी एक्सेलमध्ये असते आणि प्रत्येक तालुक्यातून किती नोंदी आल्या, हे सांगायचे असते. आकडे मिळवण्यास मिनिटभर पुरते. परंतु नोंदी कोणत्या रकान्यांवरून वेगळ्या ओळखायच्या, हे आधी नीट ठरवले नाही, तर ते आकडे चुकीचे असूनही बरोबर वाटतात.

केवळ तालुक्याचा रकाना घेतला, तर रायगडमधील कर्जत आणि अहिल्यानगरमधील कर्जत एकाच बेरजेत जातात. खेड पुणे जिल्ह्यात आहे तसे रत्नागिरीतही आहे. मालेगाव नाशिकमध्ये आहे आणि वाशिममध्येही. म्हणून येथे जिल्हा आणि तालुका हे दोन्ही रकाने मिळून ओळख ठरवावी.

त्यानंतर यादी स्वच्छ करावी, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा. शब्दाच्या मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा ट्रिम या सूत्राने जातात. मात्र संकेतस्थळावरून उतरवलेल्या मजकुरात 160 या अक्षर-संकेताची वेगळी मोकळी जागा येते, ती ट्रिमने जात नाही, त्यामुळे ती सबस्टिट्यूट, म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरे घालणाऱ्या, सूत्राने काढावी लागते. मराठी मजकुरात आणखी एक अडचण असते. ‘रत्नागिरी’ टंकताना काही कळफलक ‘त्न’च्या मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालतात, डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण संगणक त्यांना वेगळे मानू शकतो. हे चिन्ह युनिकोडमध्ये 8205 क्रमांकाचे आहे आणि तेही सबस्टिट्यूटनेच काढता येते. यादी अनेक वर्षांची असेल, तर उस्मानाबाद आणि धाराशिव या जुन्या-नव्या नावांपैकी एकच सर्वत्र ठेवावे.

आता यादीत कोठेही क्लिक करून इन्सर्टमधून पिव्होट टेबल, म्हणजे नोंदींचे गट पाडून मोजणारा तक्ता, घ्यावे, ‘रोज’ (Rows, म्हणजे ओळी) या चौकटीत आधी जिल्हा व त्याखाली तालुका ओढावा आणि ‘व्हॅल्यूज’मध्ये कधीही रिकामा नसणारा रकाना, उदाहरणार्थ अनुक्रमांक, ठेवावा. अनुक्रमांक ही संख्या असल्याने एक्सेल त्यांची बेरीज करून दाखवते. तेथे ‘सम’ऐवजी ‘काउंट’ निवडावे. भ्रमणध्वनीसारखा अधूनमधून रिकामा राहणारा रकाना मोजणीस घेतल्यास तेवढ्या नोंदी गळतात.

पिव्होटऐवजी काउंटइफ्स हे दिलेल्या अटींत बसणाऱ्या नोंदी मोजणारे सूत्रही चालते, मात्र बँक खात्याच्या क्रमांकावरून मोजताना ते टाळावे. मजकूर म्हणून लिहिलेले अंकही ते संख्या समजून ताडते आणि एक्सेल 15 अंकांपर्यंतच अचूक असते, त्यामुळे केवळ सोळाव्या अंकात फरक असलेली दोन खाती एकच मोजली जातात.

शेवटी पिव्होटमधील एकूण आकडा मूळ फाइलीतील नोंदींशी ताडून पाहावा, आणि ती मूळ संख्या ज्याने फाइल पाठवली त्याच्याकडूनच घ्यावी. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलीत 65,536 ओळीच मावतात. 2020 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत याच मर्यादेमुळे कोरोनाच्या 15,841 रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून सुटल्या आणि त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला. नव्या फाइलीची मर्यादा 10,48,576 ओळींची आहे. यादी त्याहून मोठी असल्यास ती आधी डेटाबेसमध्ये घेऊनच मोजावी.