छाटणीच्या दिवसांत मिनी ट्रॅक्टर पिकअपमध्ये चढवताना

निफाड-दिंडोरीपासून तासगाव-पंढरपूरपर्यंत द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली, की मिनी ट्रॅक्टरला उसंत नसते. आज घरची बाग, उद्या पाव्हण्यांचा प्लॉट. त्यात परतीचा पाऊस लागला तर डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीने ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फवारणी यंत्र, रात्री-अपरात्रीही हलवावा लागतो. वाट भले वीस किलोमीटरची असो, जिवावर बेतू शकतं ते पिकअपमध्ये चढायच्या फळीवरच्या आठ-दहा फुटांत.

आधी वजनाचं बघा. मिनी ट्रॅक्टर साधारण ६०० ते १००० किलो भरतो, माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर वेगळा. ब्लोअरच्या टाकीत ५०० लिटर पाणी राहिलं तर ५०० किलो आणखी, तेही हिंदकळणारं. म्हणून टाकी रिकामी झाल्याशिवाय ट्रॅक्टर फळीपाशी आणूच नका. छोट्या हत्तीत (टाटा एससारख्या छोट्या टेम्पोत) ट्रॅक्टर मावला म्हणजे त्याला तो झेपला असं नाही; आरसी बुकात किती वजन पास आहे ते पाहा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या बदलानंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो. फाळका (गाडीची मागची झडप) उघडा टाकून औजार बाहेर लोंबत ठेवलं, तरी तेवढाच.

बांधाला पिकअप लावून ट्रॅक्टर आत घालायची आपली जुनी सवय. उन्हाळ्यात कडक बांधावर ते खपून जातं, पण भिजलेल्या बांधाची कड ट्रॅक्टरच्या वजनाने कधी ढासळेल सांगता येत नाही. लोखंडी चॅनेलच्या फळ्या वापरा. गाडीची उंची अडीच फूट असेल तर फळी दहा फुटांची हवी. वरचं टोक साखळीने बॉडीला बांधा, कारण चाक जोर लावतं तेव्हा फळी मागे ढकलली जाते. ट्रॅक्टर टोकावर आला की पिकअपच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे दबतात आणि तिचं तोंड उचललं जातं. त्यासाठी पिकअपच्या मागच्या टोकाखाली भक्कम ठोकळे द्या. टायरच्या नक्षीतला चिखलही खरवडून काढा.

आता ब्रेक. बागेत ओळीच्या टोकाला वळताना आपण डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा मारतो, त्यामुळे दोन्ही पायडल जोडणारी कडी बहुतेकांची कायम उघडीच असते. ती न लावता फळीवर एकच पायडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जाऊन थेट खाली येतो. कडी लावा आणि सपाटीवर एकदा ब्रेक मारून खात्री करा.

चढवताना रिव्हर्समध्ये, उतरवताना पुढून. मागचा भाग जड, तो चढाच्या बाजूला राहिला म्हणजे पुढची चाकं उचलली जाऊन ट्रॅक्टर पाठीवर पडायचा धोका टळतो. लो गिअर, फोर व्हील असेल तर तेही टाका, पीटीओ (औजार फिरवणारा मागचा शाफ्ट) बंद. चाकं खालीच फळीच्या सरळ रेषेत आणा. फळीवर गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. क्लच दाबला की इंजिनचा आवर सुटतो आणि ट्रॅक्टर मोकळा घरंगळतो. इशारा करणारा माणूस एकच, तोही लांब, चालकाला दिसेल असा. फळीला हात धरून उभे राहणारे मदतनीस हवेतच कशाला?

वर गेल्यावर औजार खाली टेकवा, गिअर टाका, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. बांधायला नायलॉनचा दोर नको. तो ताणतो आणि दोन खड्ड्यांत सैल पडतो. चार कोपऱ्यांना चार रॅचेट बेल्ट (खटक्याने आवळायचे पट्टे) किंवा साखळ्या लावा, पुढच्या दोन पुढे ओढणाऱ्या, मागच्या दोन मागे. पुढे एक्सलला, मागे ड्रॉबारला (ट्रॉली जोडायच्या दांड्याला) अडकवा. स्टिअरिंगचा रॉड, हायड्रॉलिकचे आर्म आणि पाइप यांना बिलकूल नको. बेल्ट धारेवर घासत असेल तिथे गोणपाटाची घडी घाला. ट्रॅक्टरच्या सीटवर बसून कुणी येणार नाही. वस्तीवरच्या लोंबत्या वायरी किती खाली असतात ते वेगळं सांगायला नको.

चार-पाच किलोमीटरवर थांबून बेल्ट पुन्हा आवळा. उतरवायच्या जागी पिकअप सपाटीला उभी करा, तिचा हँडब्रेक लावा, ट्रॅक्टरचाही लागलेला आहे ना ते पाहा आणि मगच पहिला बेल्ट सोडा.