चार्ली पॅटन ऐकताना या चुका टाळा

ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची, गोडी लागली की कुणी ना कुणी सांगतंच, मुळापर्यंत जायचं तर चार्ली पॅटन ऐक. मग आपण यूट्यूबवर पहिलं सापडेल ते गाणं लावतो आणि अर्ध्या मिनिटात वैतागून बंद करतो. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या डेल्टा भागात, डॉकरीच्या कापूस मळ्यावर हा गायक-गिटारवादक घडला. १९२९ ते १९३४ या काळात त्याने पन्नासेक गाणी रेकॉर्ड केली. ती ऐकताना आणि वाजवताना लोक जिथे अडतात, तिथे बहुधा एकच घोटाळा झालेला असतो: यंत्राने काय केलं आणि पॅटनने काय केलं, हे वेगळं काढलेलं नसतं.

खरखर पूर्ण काढून टाकलेली प्रत निवडणे

खरखर पॅटनची नाही, रेकॉर्डची आहे. त्याची बहुतेक गाणी पॅरामाउंट या रेकॉर्ड कंपनीने काढली. ही कंपनी विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्यांच्या कारखान्याची होती. रेकॉर्डचा माल हलका, आणि मूळ साचे पुढे हाती लागले नाहीत. त्यामुळे आज आपल्यापर्यंत पोचतं ते लोकांनी घासूनघासून वाजवलेल्या तबकड्यांवरून उतरवलेलं.

म्हणून लोक सगळ्यात 'स्वच्छ' प्रत शोधतात, आणि तिथेच फसतात. सॉफ्टवेअरने खरखर ओरबाडून काढली की तिच्याबरोबर तारेवर पडलेल्या बोटाचा टणत्कार आणि शब्दांची धारही जाते. एकच गाणं दोन-तीन ठिकाणांहून ऐका. ज्या प्रतीत जाड तारा स्पष्ट वाजतात ती ठेवा, मग खरखर थोडी जास्त असली तरी चालेल. इक्वलायझरवर ट्रेबल जरा उतरवा आणि इअरफोनऐवजी स्पीकरवर लावा. दोन-तीन गाण्यांत कान सरावतो.

बारा बार मोजत बसणे

ही चूक वाजवणाऱ्यांची, आणि माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी. ब्लूज म्हणजे बारा बार, म्हणजे ठेक्याच्या बारा समान तुकड्यांचं आवर्तन, असं पुस्तकात शिकलेला माणूस 'पोनी ब्लूज' लावतो, मोजू लागतो आणि दुसऱ्या कडव्याच्या आत चुकतो. मग त्याला वाटतं, पॅटन कच्चा होता.

पॅटन कच्चा नव्हता. तो नाचणाऱ्या लोकांसाठी वाजवायचा. डोक्यामागे, गुडघ्यांमध्ये गिटार धरून वाजवण्याबद्दल त्याची ख्याती होती. त्याचा पायाचा ठोका पक्का आहे. बदलते ती ओळीची लांबी. ओळ संपली की गिटारचा तुकडा हवा तेवढा रेंगाळतो किंवा आखडता येतो. समेची सवय असलेल्या आपल्या कानाला ठरावीक मात्रांनंतर सम हवी असते, आणि इथे ती ठरल्या जागी येत नाही. उपाय असा: आवर्तन मोजणं सोडा, फक्त ठोका धरा. टाळी नको, पायच. मग एक ओळ गुणगुणा आणि गिटारचं उत्तर संपेपर्यंत थांबा. पुढची ओळ कधी उचलायची, ते गळा सांगतो. हे बसलं की बारा बारमध्ये कोंबलेले तयार टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते लिहिलेले कागद) किती निरुपयोगी आहेत ते लगेच कळतं.

रेकॉर्डच्या सुराला तारा ताणणे

'हाय वॉटर एव्हरीव्हेअर' वाजवायला घेतलं आणि सूर जुळेना, तर दोन कारणं तपासा. पहिलं, ट्यूनिंग. हे गाणं ओपन जीचं आहे, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तरी जी कॉर्ड वाजेल असं ट्यूनिंग. जाड तारेकडून बारीक तारेकडे डी, जी, डी, जी, बी, डी. नेहमीच्या ट्यूनिंगवर डोकं फोडून उपयोग नाही. उलट 'पोनी ब्लूज' नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये, ई कॉर्डच्या आकारात बसतं.

दुसरं, पट्टी. पॅटन तारा चढवून वाजवायचा, शिवाय त्या काळी यंत्रांचा वेग तंतोतंत मिनिटाला ७८ फेऱ्यांचा असेलच असं नाही. म्हणून रेकॉर्डचा सूर दोन स्वरांच्या मधोमध सापडतो. तेवढ्यासाठी तारा ताणू नका, तुटतील आणि गिटारची मानही वाकेल. कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा) लावा, उरलेला फरक फोनवरच्या पिच बदलणाऱ्या ॲपने रेकॉर्डमध्येच मिटवा.

शब्द कळले नाहीत म्हणून सोडून देणे

पॅटनचा आवाज घोगरा, उच्चार चावलेले. नेटवरचे गीतपाठ एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे एकालाच प्रमाण मानू नका. 'हाय वॉटर'साठी शेजारी मिसिसिपीचा नकाशा उघडा. हे गाणं १९२७ च्या महापुराचं आहे. लेलंड, ग्रीनव्हिल, रोझडेल, विक्सबर्ग ही गावं नकाशावर सापडत गेली की ऐकू न येणारे शब्दही उलगडतात, आणि पाणी चढत असताना माणूस कुठून कुठे पळतोय ते दिसतं.

कधी तर शब्द तिथे नसतोच. 'अ स्पूनफुल ब्लूज'मध्ये तो ओळ अर्धी सोडतो आणि 'स्पूनफुल' हा शब्द तारेवर स्लाइड (बोटाऐवजी वापरायची नळी किंवा पातं) घसरवून गिटारकडून म्हणवून घेतो. आपण गळ्यात शोधत बसलो तर हातचं जातं. मला विचाराल तर पॅटनची ओळख करून घ्यायला हेच गाणं पहिलं लावावं.

नावांवर आणि दंतकथांवर विसंबणे

शोधताना 'चार्ली'ची Charley आणि Charlie ही दोन्ही इंग्रजी स्पेलिंगं घालून बघा. 'द मास्क्ड मार्व्हल' नावाची रेकॉर्डही त्याचीच. गायक ओळखा आणि एक रेकॉर्ड फुकट मिळवा, अशी ती कंपनीची जाहिरात होती. 'प्रेअर ऑफ डेथ' हे भजन 'एल्डर जे. जे. हॅडली' या नावाने निघालं. 'टॉम रशन ब्लूज'मधल्या पोलिसाचं खरं आडनाव रशिंग, लेबलवर चुकलं.

चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकल्याची गोष्ट पॅटनला चिकटवू नका. ती टॉमी जॉन्सन आणि रॉबर्ट जॉन्सन या दुसऱ्या ब्लूज गायकांबद्दल सांगतात. 'सगळे त्याच्याकडेच शिकले' हेही ढोबळ आहे. पुढे नावाजलेला गायक हाउलिन वुल्फ पॅटनकडून थेट गिटार शिकला, आणि वुल्फच्या गुरगुरण्यात पॅटन सरळ ऐकू येतो. गायक-गिटारवादक पॉप्स स्टेपल्सने पॅटनला डॉकरीवर लहानपणी ऐकलं. रॉबर्ट जॉन्सनपर्यंत मात्र हा वारसा मुख्यतः सन हाउस आणि विली ब्राउन या डेल्टातल्याच ब्लूज वादकांमार्फत आला.

शेवटची एक चूक म्हणजे न्यूयॉर्कमधल्या १९३४ च्या रेकॉर्डिंगवरून त्याची पारख करणं. तेव्हा त्याचा गळा खराब झाला होता, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो वारला. ती गाणी जरूर ऐका, पण १९२९ ची ऐकून झाल्यावर. 'पोनी ब्लूज' आणि १९३४ चं 'स्टोन पोनी ब्लूज' लागोपाठ लावा: आवाज थकलेला, पण ओळ लांबवण्याची आणि आखडण्याची मोकळीक तशीच.