ताबू ले रोशेरो ऐकायला सुरुवात कुठून करायची

काँगोचा रुम्बा (तिथलं गिटारवालं नाचाचं संगीत) सर्च केला की गाण्यांचा ढीग समोर येतो, मग माणूस कुठलं तरी एक लावतो, दोन मिनिटांत "सगळं सारखंच वाटतंय" म्हणतो आणि बंद करतो. त्यापेक्षा एकच गायक धरा. माझ्या मते ताबू ले, कारण इतका हलका, वर तरंगणारा आवाज पहिल्याच दिवशी आवडतो, भाषा कळो न कळो.

आता हा शोधायचा कसा? गायकाचं नाव बघू नका, बँडचं बघा. त्याचं नाव कुठे रोशेरो, कुठे ताबू ले, कुठे दोन्ही, आणि अपलोड करणाऱ्यांनी टाकलेल्या सालांवर तर अजिबात जाऊ नका. बँडच्या नावावरून मात्र त्याच्या आयुष्यातला कुठला काळ चालूय ते लगेच कळतं.

आफ्रिकन जॅझ लिहिलं असेल तर तो अजून विशीतला पोरगा आहे (जन्म 1940), बँड ग्राँ काले यांचा आणि शहर लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचं किन्शासा. गाणी छोटी, क्युबाची छाप स्पष्ट, कारण क्युबाच्या तबकड्या तिकडे 1930-40 पासून वाजत होत्या. 1963 मध्ये तो आणि गिटारवाला डॉक्टर निको बाहेर पडले आणि आफ्रिकन फिएस्ता काढला. इथली गाणी घाईत ऐकू नका हां, एकदा फक्त आवाजासाठी आणि एकदा फक्त निकोच्या गिटारसाठी ऐका. दोघांचं फार काळ जमलं नाही, मग रोशेरोचा वेगळा बँड झाला, आफ्रिकन फिएस्ता नॅशनल. त्यातलं मोकोलो नाकोकुफा सगळ्यात आधी लावा. मरणाच्या दिवशी कोणाच्या मनात काय येईल, एवढाच विषय, गरीब काय म्हणेल, पैसेवाला काय, दारुडा काय. चाल इतकी गोड की विषय माहीत नसेल तर प्रेमगीतच वाटेल.

1970 च्या डिसेंबरात त्याने पॅरिसचं ओलिंपिया हे प्रसिद्ध सभागृह गाजवलं. 1972 च्या सुमारास देशाचा हुकूमशहा मोबुटू याच्या राजवटीने परदेशी नावं टाकायला लावली म्हणून पास्कल ताबूचा ताबू ले झाला. बँडचं नाव आता आफ्रिझा, स्टेजवर नाचणाऱ्या पोरी वगैरे सगळा थाट.

आफ्रिझाची लांब गाणी ऐकताना एक गोष्ट पाळा, पुढे ढकलू नका. आधी संथ गाणं असतं, मग लय बदलते आणि गिटार सुटतात, त्या भागाला सेबेन म्हणतात. बडा ख्याल न ऐकता थेट द्रुत लावलं तर जसं अर्धवट वाटेल तसंच इथे होतं, सेबेनची मजा आधीच्या संथपणावर उभी आहे. हेडफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरवर ते गुंतलेले गिटार एकात एक मिसळून नुसता किणकिणाट होतो. आणखी एक, जुन्या छोट्या तबकड्यांवर एक गाणं दोन बाजूंना तोडून भरलेलं असायचं, त्यामुळे नेटवर भाग 1, भाग 2 असे तुकडे सापडतात, शक्यतो अख्खं गाणं शोधा.

1980 च्या दशकात म्बिलिया बेल ही गायिका बँडमध्ये आली. तिच्या आवाजातलं नाकेई नैरोबी ऐकाच, पूर्व आफ्रिकेत ते प्रचंड चाललं. खरं सांगायचं तर या काळात मला ताबू लेपेक्षा तीच जास्त आवडते.

नंतरचं ऐकलं नाही तरी चालेल. तो देश सोडून फ्रान्स आणि अमेरिकेत राहिला, 1997 ला मोबुटूची सत्ता गेल्यावर परतला, राजकारणात शिरला, 2005 मध्ये किन्शासाचा उपगव्हर्नर झाला, 2008 मध्ये स्ट्रोक आला आणि 2013 च्या नोव्हेंबरात ब्रसेल्समध्ये वारला.

एकेक गाणं शोधायचा कंटाळा असेल तर स्टर्न्स या रेकॉर्ड कंपनीचे द व्हॉइस ऑफ लाइटनेस हे दोन संग्रह घ्या, पहिल्यात 1961 ते 77, दुसऱ्यात 1977 ते 93. आणि काँगोच्या रुम्बाचा दुसरा मोठा माणूस, फ्रँको, कधी ऐकायचा, तर हे झाल्यावर. त्याचा बँड ओके जॅझ म्हणजे वेगळंच घराणं, गिटार खरखरीत, बोलणं रोखठोक. दोघं वर्षानुवर्षं प्रतिस्पर्धी, पण 1983 मध्ये त्यांनी एकत्र रेकॉर्डिंग केलं, तिथून पलीकडे गेलात की फ्रँको एकदम अंगावर येत नाही.