बीममधली खडी उघडी पडली होती, असं निस्तरलं (माझा अनुभव)

पहिल्या मजल्याचं सेंट्रिंग काढलं आणि बीम-कॉलमच्या जोडावर खालून नुसती खडी दिसायला लागली, सळई पण डोकावत होती. मिस्त्री म्हणाला साहेब व्हायब्रेटर (ओलं काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं मशीन) नीट फिरला नाही, वरून सिमेंट मारून टाकू, मी म्हटलं थांबा. टेप लावून बघितलं तर दोन सळ्यांमधे मोकळी जागा जेमतेम 20 मिमी, आणि आपली खडी पण 20 चीच, मग ती खाली उतरणार कशी? आयएस 456 (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) मधे सरळ लिहिलंय की दाट सळई असेल तिथे खडी त्या जागेपेक्षा 5 मिमी तरी लहान हवी.

मग सुटं काँक्रीट छिन्नीने ठोकून काढलं, सळई ब्रशने घासली, जागा धुऊन ओली केली, फळी लावून मायक्रोकाँक्रीट (दुरुस्तीसाठीचं तयार, पातळ ओतता येणारं बारीक काँक्रीट) ओतलं. नुसता सिमेंटचा हात मारणं म्हणजे फसवणूकच. पुढच्या स्लॅबला जोडांच्या जागी 12 ची खडी वापरली (बारीक खडीला वाळू आणि सिमेंट थोडं जास्त लागतं, म्हणून मिक्स, म्हणजे मालाचं प्रमाण, इंजिनिअरकडून बदलून घ्या, पाणी वाढवू नका), बाकी स्लॅबला 20 चीच. 40 ची खडी आधीच पायातल्या पीसीसीत (सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमधे) गेली होती. खडी घेताना चपटी आणि धुळकट असेल तर ट्रक परतच पाठवा.