स्पॅनिश मुळाक्षरं देवनागरीत लिहून पाठ करा

इंग्रजी माध्यमातली मुलं स्पॅनिश शिकताना ओळखीची अक्षरं बघून उच्चार इंग्रजीच करतात. माझ्या सांगलीच्या भाचीचंही तेच चाललं होतं. मग आम्ही उच्चार देवनागरीत लिहिले.

१. वहीत २७ अक्षरं उभी लिहा, पुढे स्पॅनिश नाव देवनागरीत. 'के' म्हणजे का, 'टी' म्हणजे ते, 'वाय' म्हणजे ये आणि 'जे' चक्क होता! मराठीच शब्द, विसरणार कसे?

२. स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ. इंग्रजीसारखे ते शब्दागणिक उच्चार बदलत नाहीत.

३. 'टी', 'डी' म्हणजे त, द. ट, ड नव्हे. इंग्रजी बोलणाऱ्यांना इथे फार कष्ट पडतात, आपल्याला मुळीच नाही.

४. 'एच' मुका. 'व्ही'चा ब.

५. सरावाला एसटीच्या इंग्रजी पाट्या घ्या. स्पॅनिश पद्धतीने जतचं 'हात' होतं, विट्याचं 'बिता'. भाचीला हा खेळ इतका आवडला की स्टँडवर गाडीला उशीर झालेलाही चालतो.

एक जपा: 'एन'वर नागमोडी रेघ असलेलं 'एन्ये' हे वेगळं अक्षर आहे. 'वर्ष' या अर्थाच्या 'आन्यो' शब्दात ती रेघ द्यायची विसरलात, तर अर्थ भलताच लाजिरवाणा होतो.