थंडीत गाडी नुसतं टक्-टक् करते तेव्हा

जानेवारीत ग्वाल्हेरचा पारा रात्री ५ अंशांच्या आसपास उतरतो आणि सकाळी शहरातल्या लष्कर भागातल्या कुठल्यातरी अंगणात गाडी अडून बसलेलीच असते. मेकॅनिकला फोन करण्याआधी हेडलाइट लावा, कुणाला तरी समोर उभं करा आणि चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले तर दोष बॅटरीचा किंवा टर्मिनलचा, म्हणजे बॅटरीला तारा जोडतात त्या टोकांचा. दिवे लख्ख राहून एकच 'टक्' आला तर संशय स्टार्टरवर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरवर. इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर आधी पेट्रोलचा काटा बघा.

आमच्या घरी बहुतेक वेळा टर्मिनलच निघतं. बॉनेट उघडा, पांढरी-हिरवट पूड साचलेली दिसेल. तिला उघडा हात लावू नका, ती ॲसिडची असते. गाडी बंद करून आधी निगेटिव्ह तार सोडवा, मग पॉझिटिव्ह. लावताना बरोबर उलटं. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने फसफस थांबेपर्यंत घासा, कोरडं पुसा. बसवल्यावर क्लॅम्प हाताने जराही हलता कामा नये.

उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२च्या खाली असेल तर चार्ज करून घ्या. आणि कृपा करून स्टार्टर सलग १० सेकंदांहून जास्त फिरवू नका.