अथेन्समध्ये मुलाबाळांसह समुद्रस्नान: किनारा, वेळ आणि वारा कसा निवडावा

अथेन्सला गेलेली बरीच कुटुंबं समुद्रासाठी बोट पकडून बेटांवर जातात. मुलं लहान असतील आणि हाताशी एकच दिवस असेल, तर तेवढी यातायात करण्याची गरज नाही. शहराच्या दक्षिणेला पालेओ फालिरोपासून वार्किझापर्यंत सारोनिक आखाताचा किनारा पसरलेला आहे. मेट्रो आणि बस किंवा ट्रामने तिथे सहज पोहोचता येतं.

एवढ्या मोठ्या शहराला लागून असलेलं पाणी स्वच्छ कसं, ही शंका रास्त आहे. अथेन्सचं सांडपाणी एकेकाळी खरोखरच जेमतेम प्रक्रियेनंतर समुद्रात जात असे. १९९४ पासून सिताल्या नावाच्या छोट्या बेटावरच्या केंद्रात त्यावर प्रक्रिया होऊ लागली आणि पुढे तिथेच जैविक प्रक्रियाही सुरू झाली. हे बेट पिरेयस बंदराच्या तोंडाशी आहे, त्यामुळे बंदरापासून जितकं दक्षिणेला सरकाल तितका पाण्याचा रंग खुलत जातो. वूला, कावूरी, वुल्याग्मेनी आणि वार्किझा हा पट्टा कुटुंबासाठी उत्तम.

निळा झेंडा काय सांगतो

किनाऱ्यावर 'ब्लू फ्लॅग' या आंतरराष्ट्रीय मानांकनाचा निळा झेंडा दिसला, तर तिथल्या पाण्याचा दर्जा युरोपीय नियमांतल्या सर्वांत वरच्या वर्गातला, म्हणजे 'उत्कृष्ट' आहे असं समजावं. समुद्राच्या पाण्यासाठी या वर्गाची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ई. कोलाय २५० आणि एंटरोकोकाय १०० अशी आहे. हे दोन्ही जिवाणू पाण्यात सांडपाणी मिसळल्याची खूण असतात. ही मर्यादा एखाद्या नमुन्यावरून नव्हे, तर अनेक मोसमांतल्या नमुन्यांच्या सांख्यिकी हिशेबावरून तपासतात. झेंडा एका मोसमापुरता असतो, म्हणून जुन्या प्रवासवर्णनावर विसंबू नका. त्या वर्षीची यादी पाहा, आणि किनाऱ्यावरच्या फलकावर ताज्या चाचणीचे आकडे लावलेले असतात तेही वाचा.

पण झेंड्यावरून पाण्याची खोली कळत नाही आणि सावली आहे की नाही हेही कळत नाही. जोरदार पावसानंतर रस्त्यावरची घाण पावसाळी नाल्यांमधून थेट समुद्रात येते, तेव्हा झेंडा फडकत असला तरी पुढचे एक-दोन दिवस पाण्यात उतरू नये. जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस क्वचितच पडतो, ही काळजी मुख्यतः ऑक्टोबरसाठी.

उलट, कडेला पट्ट्यांसारख्या तपकिरी पानांचा थर साचलेला दिसला की बरेच जण नाक मुरडून परत फिरतात. ती पोसिडोनिया नावाच्या सागरी गवताची गळलेली पानं. हे गवत स्वच्छ, पारदर्शक पाण्यातच तग धरतं, आणि साचलेली पानं लाटांपासून वाळू धरून ठेवतात. त्यात प्लास्टिक अडकलेलं नसेल तर खुशाल उतरा.

कोणता किनारा कोणासाठी

पाच-सहा वर्षांखालची मुलं असतील तर मेगालो कावूरी. बारीक वाळू, बरंच आत गेलं तरी मोठ्यांच्या कमरेएवढं पाणी, मागे पाइनची झाडं, आणि प्रवेश मोफत. अडचण एकच: किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतर ऊन थेट तोंडावर येतं आणि पाइनची सावली मिळवायची तर सकाळी लवकरच जावं लागतं. मुख्य रस्त्यापासून थोडं चालावंही लागतं.

सगळी सोय एका ठिकाणी हवी असेल तर तिकीट असलेला, कुंपणातला किनारा घ्यावा. वुल्याग्मेनीचा किनारा खाडीत आडोशाला आहे. वाळू आहे, उतार सौम्य आहे, कपडे बदलायच्या खोल्या, शॉवर, मुलांची खेळायची जागा, सगळं आतच मिळतं. वूलाचा 'आल्फा' किनारा याच धर्तीचा. वार्किझाही उथळ आणि वाळूचा, पण तो शहरापासून सर्वांत दूर. तिकीट शनिवार-रविवारी बहुधा महाग असतं, आणि तिकिटात सनबेड धरलेला आहे की त्याचे वेगळे पैसे पडतात हे ठिकाणागणिक बदलतं. आत शिरण्यापूर्वी तेवढं विचारून घ्या. आस्तिर हा या भागातला सर्वांत दिखाऊ आणि सर्वांत खर्चिक किनारा. वाळूत खड्डे खणणाऱ्या मुलांसाठी तिथे पैसे घालवण्यात अर्थ नाही.

सोबत आजी-आजोबा असतील, किंवा मे महिन्यात समुद्र गार लागत असेल, तर वुल्याग्मेनीचं सरोवर पाहा. भूगर्भातल्या झऱ्यांमुळे त्याचं मचूळ पाणी वर्षभर साधारण २२ ते २९ अंश राहतं, आणि छोटे मासे पायांची मृत त्वचा टिपतात. प्रवेशाला तिकीट आहे. पाणी पटकन खोल होतं, म्हणून चालायला नुकत्याच शिकलेल्या मुलांसाठी ही जागा नव्हे. कड्याखालच्या गुहांकडे पोहत जायचंच नाही. तिथे पाणबुड्यांचेही जीव गेले आहेत.

चालायला त्रास होणाऱ्यांसाठी ग्रीसमधल्या अनेक किनाऱ्यांवर 'सीट्रॅक' बसवलेलं असतं. सौरऊर्जेवर चालणारी ही खुर्ची रुळावरून थेट पाण्यात नेते आणि परत आणते. वापर मोफत आहे. ज्या किनाऱ्यावर जाणार तिथलं सीट्रॅक त्या आठवड्यात सुरू आहे का, हे आधी त्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

मोफत किनाऱ्यावर सनबेडवाले जणू सगळी वाळू आपलीच असल्यासारखे वागतात. तसं नाही. २०२४ च्या कायद्यानुसार भाड्याने दिलेल्या किनाऱ्याचा किमान निम्मा भाग मोकळा ठेवावा लागतो, आणि सनबेड पाण्याच्या रेषेपासून किमान ४ मीटर मागे असावे लागतात. तुम्ही टॉवेल अंथरलात आणि कोणी उठवायला आलं, तर भांडत बसू नका. 'मायकोस्ट' या सरकारी अ‍ॅपवर त्या किनाऱ्याचा मंजूर नकाशा दिसतो आणि तक्रारही तिथूनच करता येते. नुसता तो नकाशा उघडून दाखवला तरी बहुतेक वेळा काम होतं.

वारा पाहिल्याशिवाय निघू नका

नवखी कुटुंबं इथेच फसतात. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, एजियन समुद्रावर उत्तरेचा 'मेल्तेमी' वारा वाहतो. अथेन्सचा हा किनारा दक्षिण-नैऋत्येला तोंड करून आहे, म्हणजे मेल्तेमी इथे जमिनीवरून समुद्राकडे जातो. परिणामी काठाजवळचं पाणी अगदी शांत दिसतं, लाट नावाला नसते, आणि आईवडील निर्धास्त होतात. अशाच दिवशी फुगवायच्या ट्यूबमध्ये किंवा गादीवर बसलेलं मूल बघता बघता आत ओढलं जातं. काठापासून थोडं आत गेलं की किनाऱ्याचा आडोसा संपतो आणि वारा जास्त जाणवतो. वाहून गेलेल्या चेंडूमागे पोहणाऱ्या मोठ्यांचीही हीच गत होते.

ग्रीसमध्ये वाऱ्याचा जोर 'बोफोर' या मापात सांगतात. हवामान अ‍ॅपमध्ये तेच एकक निवडा.

- उत्तरेचा ३ बोफोरपर्यंत: निश्चिंत जा.
- उत्तरेचा ४ किंवा ५: पाणी शांत दिसलं तरी ट्यूब, गादी, फुगवलेली खेळणी पिशवीतच राहू द्या. मुलं त्यांच्या स्वतःच्या कमरेएवढ्या पाण्यात, आणि तुम्ही त्यांच्या समुद्राकडच्या बाजूला उभे राहा.
- उत्तरेचा ६ किंवा जास्त: वाळू डोळ्यांत जाते, छत्र्या उडतात. बेत पुढे ढकला.
- दक्षिणेचा ४ पासून पुढे: लाटा थेट या किनाऱ्यावर येतात, कचरा आणि जेलीफिशही सोबत येतात. त्या दिवशी संग्रहालय पाहा.

मेल्तेमी नसलेल्या दिवशी दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. तो सौम्य असतो आणि वस्तू काठाकडे आणतो, त्याची भीती नाही.

छत्री स्वतःची असेल तर दांडा किमान ४० सेंटिमीटर खोल पुरा आणि छत्री ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला कलती ठेवा. सरळ उभी छत्री खालून वारा शिरून उपटली जाते, आणि तिचं टोक शेजारच्याला लागतं.

महिना आणि वेळ

समुद्राचं पाणी मे अखेरीस साधारण २० अंश, जूनमध्ये २२-२३, जुलै-ऑगस्टमध्ये २५-२६ असतं. सप्टेंबरमध्येही ते २४ च्या आसपास टिकतं. निवडीला वाव असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा घ्या: शाळा सुरू झालेल्या असतात, पाणी अजून उबदार असतं आणि ऊन सुसह्य. १५ ऑगस्टच्या सुमारास अर्धं अथेन्स गावी किंवा बेटांवर गेलेलं असतं, तेव्हा शहरातल्या बसमध्येही जागा मिळते. एरवी उन्हाळ्यातला रविवार शक्यतो टाळाच.

दिवसाची आखणी सरळ आहे. सकाळी ८ ते ११:३० किंवा संध्याकाळी ५ नंतर. जुलैमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे संध्याकाळचे साडेतीन तास आरामात मिळतात. बरेच प्रवासी सकाळी अ‍ॅक्रोपोलिस चढतात आणि १ वाजता दमलेल्या मुलांना घेऊन किनाऱ्यावर येतात. त्या वेळी वाळू पाय भाजेल इतकी तापलेली, सावली सगळी गेलेली आणि ऊन सर्वांत तीव्र. अ‍ॅक्रोपोलिस सकाळी, मग जेवण आणि झोप, आणि ५ ला किनारा, असं केलं तर दोन्ही पदरात पडतं.

जायचं कसं

सिंदाग्मा चौकातून मेट्रोच्या लाल लाईनने शेवटचं स्टेशन एलिनिको. पंधरा-वीस मिनिटं लागतात. स्टेशनबाहेरून १२२ नंबरची बस वूला आणि वुल्याग्मेनीवरून पुढे वार्किझाकडे जाते. ट्रामने समुद्र पाहत जाता येतं, पण वेळ जास्त लागतो आणि सिंदाग्माहून निघाल्यास पिक्रोदाफ्नीला ट्राम बदलून वूलाची ट्राम घ्यावी लागते. ट्राम 'अस्क्लिपिओ वूलास'लाच संपते. कावूरी-वुल्याग्मेनीला ती जात नाही.

९० मिनिटांचं तिकीट १.२० युरोचं असून त्यात मेट्रो, ट्राम आणि बस तिन्ही चालतात. प्रत्येक गाडीत चढताना ते यंत्रावर टेकवायचं असतं, आधी एकदा टेकवलं असलं तरी. परतीची तिकिटं सकाळी मेट्रो स्टेशनवरच काढून ठेवा. बसचालक तिकीट देत नाही आणि किनाऱ्याजवळच्या थांब्यांवर तिकिटाचं यंत्र सापडेलच असं नाही. बिनतिकीट सापडल्यास दंड तिकिटाच्या कित्येक पट असतो.

पिशवीत काय हवं

पाणी माणशी दीड लिटर. अथेन्सचं नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, हॉटेलातूनच बाटल्या भरून घ्या. सनस्क्रीनचा हिशेब बहुतेकांचा चुकतो: मोठ्या माणसाला पूर्ण अंगासाठी एका वेळी साधारण ३० मिलिलिटर लागतं, लहान मुलाला त्याच्या निम्मं. दोन मोठे आणि दोन मुलं म्हणजे एका वेळी ९० मिलिलिटर. दर दोन तासांनी लावलं तर २०० ची बाटली दिवसभर पुरत नाही. पूर्ण बाह्यांचे रॅश गार्ड, म्हणजे पोहताना घालायचे घट्ट सदरे, घातले तर खर्च निम्म्यावर येतो. पूर्ण अंगभर कपडे घालून पोहायला इथे हरकत नसते, फक्त सुती सलवार-कुर्ता किंवा जीन्स नको. भिजल्यावर ती जड होते आणि पाय अडकतात. लायक्राची लेगिंग घ्या.

रबरी तळाचे पाण्यातले बूट प्रत्येकाला हवेत. वाळूच्या किनाऱ्यावरही दोन्ही टोकांना खडक असतात आणि तिथे सी-अर्चिन, म्हणजे काळे काटेरी गोळे, चिकटलेले असतात. याशिवाय चिमटा, परतीसाठी कोरडे कपडे, आणि ओल्या कपड्यांना प्लास्टिकची पिशवी. पासपोर्ट हॉटेलातच ठेवा. स्वच्छतागृहात टॉयलेट पेपर भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा असतो, नाहीतर तिथले अरुंद पाइप तुंबतात.

खाण्यासाठी वाटेतल्या बेकरीतून पालकाची 'स्पानाकोपिता' आणि चीजची 'तिरोपिता' घ्या. शाकाहारी असाल तर 'होरिस क्रेआस', म्हणजे मांसाशिवाय, एवढं पुरत नाही, मासे नकोत हेही सांगा. 'निस्तिसिमो' म्हणजे उपवासाचे पदार्थ पाहून भुलू नका. त्यांत मांस, दूध, अंडी नसली तरी ऑक्टोपस आणि कोळंबी चालते.

काही झालंच तर

जेलीफिशने दंश केला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोड्या पाण्याने त्वचेवर उरलेल्या दंशाच्या पेशी फुटून आणखी विष सुटतं. चिकटलेले धागे चिमट्याने काढा, चोळू नका. इथल्या जांभळ्या जेलीफिशवर व्हिनेगर लावू नये. खाण्याचा सोडा आणि समुद्राचं पाणी समप्रमाणात कालवून लेप द्यावा. वाळूत लपणाऱ्या 'द्राकेना' माशाच्या काट्यावर पाय पडला तर वेदना भयंकर असतात. पाय सोसवेल इतक्या गरम, ४०-४५ अंशांच्या पाण्यात किमान अर्धा तास बुडवून ठेवा. उष्णतेने विष निकामी होतं. मुलाचा पाय बुडवण्याआधी पाणी स्वतःच्या हाताने तपासा.

लाल झेंडा लागला असेल तर पाण्यात जाऊ नका. जीवरक्षकाच्या वेळा मनोऱ्याजवळच्या फलकावर असतात; संध्याकाळी उशिरा पोहणार असाल तर तो नसेल असंच धरून चाला. कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेला १६६, तटरक्षक दलाला १०८.

परतीची गर्दी रविवारी सूर्यास्ताच्या आगेमागे होते. वार्किझाकडून येणारी १२२ तेव्हा वुल्याग्मेनीलाच भरून जाते आणि बाबागाडी आत घेणं जड जातं. अशा वेळी टॅक्सीने वूलाच्या ट्राम टर्मिनसपर्यंत या. तिथून ट्राम रिकामी सुटते आणि सगळ्यांना बसायला जागा मिळते.